चार अंशांवरची गाणी

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
६ मार्च २०२२

मालिनी मावशी,

पत्राचा मायना कसा लिहितात ते आठवेना, म्हणून नुसतं तुझं नाव लिहिलं. नमस्कार त्यातच आला असं समज.

पत्र लिहिण्याचं कारण असं, की गेल्या तीन फोनवर मी "कॅसेट" म्हणाले आणि दर वेळी तू "कशी आहेस" असं ऐकून "मी बरी आहे" म्हणालीस. मागून संजयकाका ओरडून सांगत होते, पण त्यांचंही तुला ऐकू येत नव्हतं. तुझी नवी कानातली यंत्रं फोनवर चालत नाहीत असं काका म्हणाले. तेव्हा लिहिलेलं बरं.

सोबतच्या डबीत एक कॅसेट आहे. तिच्यावर गाणारी मी आहे.

आता नीट बैस. माझा एक बँड आहे. बँड म्हणजे दोघंच, मी आणि कुश. कुश एडिसनमध्ये वाढला, इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि जुने सिंथेसायझर दुरुस्त करण्याचा त्याला नाद आहे. याला मिनिमल सिंथ म्हणतात, किंवा कोल्ड वेव्ह. ऐंशीच्या दशकात फ्रान्स-बेल्जियममधली मुलं घरच्या घरी, स्वस्त यंत्रांवर असं संगीत करायची. एक ड्रम मशीन, एक-दोन सिंथ, आणि आवाज असा की गाणाऱ्याला जणू काही वाटतच नाही. कुशने मला ते ऐकवलं तेव्हा मला वाटलं, हे मला जमेल.

बँडचं नाव 'कात्र देग्रे', म्हणजे चार अंश. माझ्या पीएचडीचं प्रोटीनचं काम चार अंश तापमानाच्या खोलीत चालतं. तिथे स्वेटर घालून तासन्तास एकटीने बसावं लागतं. तिथेच मी गुणगुणायला लागले.

गाणी फ्रेंचमध्ये आहेत, कारण इंग्रजीत गायले तर लॅबमधल्यांना कळेल आणि मराठीत गायले तर आईला. आपल्या घरात फ्रेंच फक्त तुला येतं. तूच ते मला शिकवलंस, नागपूरला सुट्टीवर यायचीस तेव्हा, तीन उन्हाळे. म्हणून ही तुझ्याकडे. पिट्सबर्गमधला एक माणूस आपल्या तळघरातून अशा कॅसेट काढतो. त्याने शंभर काढल्या. नाव 'लँदी आ ला लाव्हरी', सोमवारी लाँड्रीत.

दोन गोष्टी कर. व्याकरण तपास, आणि आईला सांगू नकोस. तिला वाटतं मी रविवारीसुद्धा लॅबमध्ये असते.

ज्ञानदा


वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
२१ मार्च २०२२

ज्ञानू,

तुझी डबी मिळाली. घरात कॅसेट लावायला काही नाही. शेवटी काकांच्या जुन्या गाडीत कॅसेटची खाच निघाली. गाडी गॅरेजमध्ये उभीच होती, दोघं पुढच्या सीटवर बसून ऐकत होतो. शेजारच्या नीनाने येऊन काच वाजवली. तिला वाटलं आमची भांडणं झालीत.

आता ऐक. मला सगळे शब्द कळले. तुला हे साधं वाटेल, पण गेल्या दोन वर्षांत मला कुठलंच गाणं कळलेलं नाही. वाद्यं जास्त झाली की माझ्या यंत्रांत सगळ्याचा काला होतो. तुझ्या गाण्यात आहेच काय, टकटक, एक लांब सूर, आणि तू प्रिन्स्टन जंक्शनला गाडीची घोषणा करावी तशी बोलतेस. काका म्हणाले, "ही उदास आहे का?" मी म्हटलं, नाही, ही पद्धत आहे.

चुका तीन. दोन किरकोळ आहेत, मागे लिहून दिल्यात. तिसरी मोठी आहे. 'मला तुझी आठवण येते' हे तू इंग्रजीसारखं रचलंस, म्हणजे आठवण करणारी तू. फ्रेंचमध्ये ते उलटं असतं, जो समोर नाही तोच वाक्याचा कर्ता. "तू म मांक." तू मला कमी पडतेस. आपल्याकडेही 'मी तुझी आठवण करते' असं कुणी म्हणत नाही, आठवण आपली आपण येते. तुला हे मराठीवरून कळायला हवं होतं. शंभर कॅसेटवर चूक गेली, असो.

सव्वीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला राहवत नाही म्हणून विचारते. गाण्यात तो जो कोणी सोमवारी फोन करतो आणि तू त्याला "सगळं ठीक आहे" असं सांगतेस, तो कोण? मुलगा चांगला आहे ना? तुला आवडत असेल तर खरं सांगून टाकावंस असं माझं मत.

आसावरीला काही बोलले नाही. धाकटी बहीण असली तरी ती माझी आई असल्यासारखी उलटतपासणी घेते, तेव्हा मला सांभाळावं लागतं.

मावशी


कॅरी
३१ जुलै २०२२

मावशी,

उत्तराला चार महिने लागले. थिसिसने खाल्ले. तुझं पत्र चार अंशांच्या खोलीच्या दारावर चिकटवलंय, तिसऱ्या चुकीसाठी.

मुलगा नाही गं. सोमवारी फोन करते ती आई. तिच्याकडे संध्याकाळ असते, माझ्याकडे सकाळ, आणि सोमवारी सकाळी मी लाँड्रीत असते कारण तेव्हा मशीनं रिकामी असतात. ती विचारते, मी "सगळं ठीक" म्हणते. तेव्हा ते नव्हतंही ठीक. पहिल्या दोन वर्षांत मी पीएचडी सोडायच्या बेतात होते. ते तिला सांगता आलं नाही, म्हणून गाणं केलं. तुला तो प्रियकर वाटला हे कुशला सांगितलं. तो म्हणाला, "ऑनेस्टली, दॅट्स व्हॉट आय थॉट टू." त्याला फ्रेंचचा गंध नाही. मी त्याला अर्थ सांगायला गेले की म्हणतो, "आय डोन्ट नीड टू नो. आय नो व्हेअर यू ब्रीद."

शंभरच्या शंभर कॅसेट गेल्या. फ्रान्समधल्या लिल गावच्या एका माणसाने तीन घेतल्या. पिट्सबर्गवाला म्हणतो पुढच्या वेळी विनाइलची रेकॉर्ड काढू.

थिसिसचं डिफेन्स, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, दोन डिसेंबरला ठरलं. सतरा डिसेंबरचं नागपूरचं तिकीट काढून ठेवलंय. माझा व्हिसा संपलाय, मुंबईला जाऊन नवा घ्यावा लागेल, पण डिग्री हातात असेल तर धाकधूक कमी. तेव्हा आईला कॅसेट स्वतः ऐकवीन म्हणते.

तू सप्टेंबरमध्ये नागपूरला जाणार आहेस ना? जरा बघ तिच्याकडे. फोनवर तिचा आवाज बसल्यासारखा वाटतो. विचारलं की "पित्त झालंय" म्हणते.

ज्ञानदा


धरमपेठ, नागपूर
९ ऑक्टोबर २०२२

ज्ञानू,

इथे सगळं ठीक. आसावरी बरी आहे. पित्ताचा त्रास आहे, पथ्यावर ठेवलंय म्हणून जरा उतरलेली दिसते. घसा बसलाय, तेव्हा फोनवर फार बोलायला लावू नकोस. मी नोव्हेंबर अखेरपर्यंत राहायचं ठरवलं. इतक्या वर्षांनी दोघी बहिणींना वेळ मिळाला आहे.

तुझे बाबा मजेत. संत्री अजून आंबट आहेत. तू थिसिस लिही, बाकी काही मनात आणू नकोस.

मावशी


कॅरी
१२ फेब्रुवारी २०२३

मावशी,

तू परत आल्याचं काकांकडून कळलं. पत्र नाही. मला वाटलं, मीच लिहावं.

डिफेन्स झालं. आई गेल्यावर तेराव्या दिवशी. इकडे ती तारीख दोन होती, तिकडे बाबा तेरावं करत होते. कमिटीतल्या एकाने विचारलं, हवं तर पुढे ढकलू या का. मी नको म्हटलं. पास झाले. आता रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये औषधांच्या कंपनीत लागलेय, रोज पंचवीस मिनिटं ड्राइव्ह करते.

सतरा डिसेंबरचं तिकीट मी कॅन्सल केलं. सगळे समजतात व्हिसामुळे. तुला खरं सांगते, जाता आलं असतं. आई नसलेल्या घराचं दार उघडायचं नव्हतं.

दुसरी रेकॉर्ड एका महिन्यात लिहून झाली. इतक्या पटकन कधी काही लिहिलं नव्हतं. नाव 'सिएझ त्राँत-ए-अँ', एकतीस नंबरची सीट. विमानातली माझी. ती रिकामी गेली असेल का, की कुणाला मिळाली असेल, यावर पहिलं गाणं आहे.

नऊ गाण्यांचे कागद सोबत आहेत. मागच्यासारखी चूक जायला नको. नवव्या गाण्यात मी म्हटलंय, 'मला येता आलं असतं.' ऑक्टोबरमध्ये मी तिचा आवाज ऐकत होते. शास्त्रज्ञ म्हणवते स्वतःला, आणि बसलेला आवाज, उतरलेलं वजन, पित्त, हे तीन शब्द शेजारी ठेवून बघितले नाहीत. पॅन्क्रियाजचा कॅन्सर असा एका महिन्यात माणूस नेतो हे वाचलं होतं, पण आपल्या घरात वाचलं नव्हतं. तर ते वाक्य संकेतार्थात नीट बसलंय का तेवढं सांग. सांत्वन नको. फक्त व्याकरण.

ज्ञानदा


वेस्ट विंडसर
१६ एप्रिल २०२३

ज्ञानू,

दोन महिने तुझे कागद टेबलावर आहेत. आठ गाणी पहिल्या आठवड्यातच तपासून झाली. चुका थोड्या आहेत, लाल पेनाने केल्यात. तुझं फ्रेंच फार सुधारलंय. चौथ्या गाण्यात विशेषण स्त्रीलिंगी कर.

नवव्या गाण्याशी मी थांबले. तू फक्त व्याकरण मागितलंस. व्याकरण बरोबर आहे. पण ते वाक्य खरं नाही, आणि ते खोटं का आहे हे मला माहीत असताना तुला ते गाऊ देणं मला जमणार नाही.

एका महिन्यात झालं नाही ते. ऑगस्टमध्येच कळलं होतं. मी सप्टेंबरमध्ये सहज गेले नव्हते, आसावरीनेच बोलावून घेतलं होतं. तिने आम्हाला शपथ घातली, की डिफेन्स होईपर्यंत ज्ञानूला कळता कामा नये. कळलं तर ती धावत येईल, आणि व्हिसा नाही मिळाला तर पाच वर्षांचं काम तिथेच राहील. ऑक्टोबरचं माझं एक पानी पत्र तिच्या शेजारी बसून लिहिलं. "संत्री आंबट आहेत" हे तिने सांगितलेलं वाक्य आहे.

इथपर्यंत तिची इच्छा होती. पुढचं तिच्या इच्छेचं नाही.

पंधरा नोव्हेंबरला, मंगळवारी सकाळी, तिने मला हाताने जवळ बोलावलं. म्हणाली, "ताई, ज्ञानूला बोलाव आता." यंत्रं माझ्या कानात होती. खोलीत दुसरा आवाज नव्हता. मला ऐकू आलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

डॉक्टरांनी तीन आठवडे सांगितले होते. मी दिवस मोजले. दोन तारखेला डिफेन्स, तीनला तू निघशील, पाचला पोचशील. पुरेल असं वाटलं. मी खोलीत परत गेले आणि तिला सांगितलं, "ज्ञानू निघालीय."

ती चार दिवस दाराकडे बघत होती. शनिवारी गेली.

तेव्हा तुला येता आलं असतं असं नाही. तुला बोलावलं असतं तर तू आली असतीस. दोन्ही वाक्यं संकेतार्थातच आहेत, पण कर्ता वेगळा आहे.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

मालिनी मावशी


कॅरी
७ मे २०२३

दुरुस्त्या मिळाल्या. आठ गाण्यांत केल्या. नवव्याचे शब्द काढून टाकले.

ज्ञानदा


वेस्ट विंडसर
१९ नोव्हेंबर २०२३

ज्ञानू,

तू उत्तर द्यावंस म्हणून हे पत्र नाही. आज वर्ष झालं. मी तुझ्यापासून लपवलं ते तुझं होतं, आणि अजून बरंच माझ्याकडेच पडून आहे. ते देऊन टाकते.

आधी एवढं सांगते, की तुझी रेकॉर्ड मी इंटरनेटवरून मागवली, कुठल्याही गिऱ्हाइकासारखी. संजयकाकांनी तिच्यासाठी रेकॉर्ड प्लेयर आणला. दुसऱ्या बाजूला शेवटी चार मिनिटं नुसती यंत्रं वाजतात, कुणी गात नाही. ते नववं गाणं असणार हे मला कळलं. कुशला सांग, ते छान झालंय. नको सांगूस, तुझी इच्छा.

आता आसावरीचं. सप्टेंबरमध्ये ती हिंडत-फिरत होती. पुडाची वडी करून मला खायला घातली, स्वतः कड तेवढी चाखली. ऑक्टोबरमध्ये तिला पलंगावरून अंगणातली सायकल दिसावी म्हणून बाबांनी पलंग फिरवला. तुझी शाळेतली सायकल. ती विकायची नाही असं तिने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. दुखायचं, पण औषधाने थांबायचं. शेवटचे दोन दिवस सोडले तर तिला यातना झाल्या नाहीत. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, तसं घडलं म्हणून लिहिते.

आणि मी तुझं एक गुपित फोडलं. दसऱ्याला तिला कॅसेट ऐकवली. काकांनी गाडीतली कॅसेट कशीबशी फोनमध्ये भरून पाठवली होती. तिने डोळे मिटून ऐकली. म्हणाली, "इतकं कोरडं का बरं गाते ही?" मी म्हटलं, तशी पद्धत आहे. मग म्हणाली, "अर्थ सांग." मी ओळीन् ओळ मराठीत सांगितली. फोन करणारी ती आहे, हेही सांगितलं.

मग म्हणाली, "लाँड्रीत असायची होय. मला मागे आवाज यायचा सू सू. मला वाटायचं, हिच्याकडे दर सोमवारी पाऊस येऊन राहिला." आणि हसली. हसताना पोट दुखलं तिचं, पण हसली.

तुला पीएचडी सोडावीशी वाटत होती हेही गाण्यावरून तिला कळलं. म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, ये परत. बरं झालं नाही सांगितलं." मग कुशीवर वळली आणि म्हणाली, "पुन्हा लाव."

अकरा वेळा लावली त्या महिन्यात. मी मोजत नव्हते, फोन मोजतो.

एवढंच माझ्याकडे होतं.

मावशी


कॅरी
२५ ऑगस्ट २०२४

मावशी,

तुझं नोव्हेंबरचं पत्र मी विमानात वाचलं. आलं तेव्हा उघडलं नव्हतं. जानेवारीत नागपूरला गेले तेव्हा बॅगेत टाकलं आणि कतारच्या पुढे कुठेतरी फोडलं. शेजारच्या बाईने मला टिश्यूचं अख्खं पाकीट दिलं.

व्हिसाचं काम मुंबईत दहा मिनिटांत आटोपलं. दहा मिनिटं, मावशी. बाहेर येऊन फूटपाथवर उभी राहिले आणि हसावं की काय ते कळेना.

घरी बाबांना मी तुझं एप्रिलचं पत्र वाचून दाखवलं. ते ऐकत बसले. "ज्ञानू निघालीय" पाशी त्यांनी मला थांबवलं.

"ते मी बोलायला लावलं," ते म्हणाले. "मालिनी फोन हातात घेऊन उभी होती, तुझा नंबर लावून. मीच काढून घेतला. म्हटलं, आसावरीची शपथ आहे आपल्याला. आता तिला ग्लानीत काही वाटतंय म्हणून मोडायची का?"

मी विचारलं, "मग मावशीने तुमचं नाव का नाही लिहिलं?"

ते म्हणाले, "तुला परत यायला एक घर तरी राहू दे असं वाटलं असेल तिला."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून आईचं कपाट आवरलं. तुम्ही दोघंही ते स्वतःच्या अंगावर घेता, आणि कोणाचं किती हे मला आता ठरवायचं नाही. बाबांशी बोलून राग कमी होईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही, तो दोघांत वाटला गेला, इतकंच.

तरी पाऊस वाचून बरं वाटलं. तेवढं बरं मला त्या वर्षात कशानेच वाटलं नव्हतं.

आता तिसरी रेकॉर्ड. नाव 'द व्हीव व्वा'. तुला अर्थ सांगायला नको, पण काकांना सांग, पत्राने किंवा फोनने नाही तर समोर उभं राहून, तोंडाने सांगितलेलं. नोव्हेंबरमध्ये निघेल. या वेळी गाणी तपासायला पाठवत नाहीये. नववं गाणं आहे त्यात. शब्द परत घातलेत, बदलून.

रविवारी वीस ऑक्टोबरला दुपारी चार वाजता न्यू ब्रन्सविकला आमचा शो आहे, तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर. ते गाणं तू रेकॉर्डवर ऐकण्याआधी समोर ऐकावंस असं मला वाटतं. ऐकायला सोपं जाणार नाही. नाही आलीस तर समजेन, पण मग रेकॉर्डही पाठवणार नाही.

ज्ञानदा


कॅरी
२३ ऑक्टोबर २०२४

मावशी,

घरी सुखरूप पोचले. कुशने व्हर्जिनियाभर गाडी चालवली आणि मी झोपले.

सगळ्या काळ्या कपड्यांत तुझी मोतिया साडी मला पहिल्या गाण्यापासून दिसत होती. हॉलमध्ये एकच खुर्ची होती आणि ती शो ठेवणाऱ्या मुलांनी तुझ्यासाठी कुठून तरी आणली. काका कानात कापूस घालून भिंतीला टेकले होते. नववं गाणं येईपर्यंत मी तुझ्याकडे बघायचं टाळलं. मग ठरवल्याप्रमाणे बघितलं. 'तू मला बोलवायचं होतंस' हे मी सहा वेळा म्हणते. पहिल्या वेळी माझा आवाज हलला. आमच्या गाण्यात आवाज हलवत नाहीत. कुशने वर बघितलं आणि पुढचं कडवं एक चक्र उशिरा सुरू केलं, मला श्वास घेता यावा म्हणून. तू मान खाली घालशील असं मला वाटलं होतं. तू घातली नाहीस.

आता पत्राचं कारण. नंतर बाहेरच्या जिन्यावर मी तुला काहीतरी म्हणाले. आत दुसरा बँड सुरू झाला होता. तू मान हलवलीस आणि म्हणालीस, "आहे ना, वरण-भात आहे. तूप घालून देते." कुश हसला, काका गाडी आणायला गेले, आणि आम्ही तुझ्याकडे आलो. जेवलो. तू कुशला लोणचं वाढलंस आणि त्याने मराठीत "बास" म्हटलं, त्याचं तुला कौतुक वाटलं. मी तुझ्या खोलीतल्या दिवाणावर झोपले, सकाळी चहा घेऊन निघालो. कोणीच काही बोललं नाही. छान होतं ते, पण मी जिन्यावर जे बोलले ते तुझ्यापर्यंत पोचलं नाही अशी माझी खात्री आहे. न पोचलेल्या गोष्टींचा मला कंटाळा आलाय. म्हणून लिहून पाठवते.

मी म्हणाले होते: "मावशी, माझा राग अजून गेलेला नाही. कधी जाईल ते माहीत नाही. पण आज मी तुझ्याकडेच येणार आहे."

ज्ञानदा


वेस्ट विंडसर
२८ ऑक्टोबर २०२४

ज्ञानू,

तुझं पत्र आज आलं. घरात चकलीचं पीठ मळून ठेवलंय आणि मी लिहायला बसलेय, म्हणून काका हताश आहेत.

गाणं मला पूर्ण ऐकू आलं. सहाही वेळा. मला वाटलं होतं, मी उठून जाईन. मग लक्षात आलं की दोन वर्षं हेच वाक्य मला कुणीतरी म्हणावं अशी वाट बघत होते. काका नेहमी म्हणायचे, "जाऊ दे, तू चांगल्यासाठीच केलंस." ते ऐकून एकदाही झोप लागली नाही. त्या दिवशी तू गेल्यावर मी दुपारी साडेतीन तास झोपले. तुझ्या बाबांना काकांकरवी फोन लावून तसं सांगितलं. ते म्हणाले, मलाही ती रेकॉर्ड पाठवा. त्यांना शब्द कळणार नाहीत, तर मी मराठीत लिहून देईन. सहाही वेळा लिहीन.

जिन्यावरचं तू बरोबर ओळखलंस. मला शेवटचे तीन शब्द ऐकू आले, 'तुझ्याकडेच येणार आहे', आणि मला वाटलं तू जेवायचं विचारतेस.

आता आधीचं सगळं वाचलं. दोनदा वाचलं. ते जिन्यावर ऐकू आलं असतं, तरी मी वरण-भातच म्हणाले असते.

मावशी